वैशाखातला कोट

वैशाखाच्या उन्हात कोणी कोट घालून चाललेला दिसला की मी आजही थांबतो. परवा बुलढाण्याच्या बाजारात असाच एक म्हातारा दिसला आणि भाजीची पिशवी हातात धरून मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. त्याला थंडीताप असेल, आतला सदरा फाटका असेल, कारणं शंभर असू शकतात. सव्विसाव्या वर्षी मला एकच कारण सुचत होतं, कारण तेव्हा मी नवा फौजदार होतो.

निवृत्तीनंतर लोक भेटले की खुनाच्या केसेस विचारतात. या केसमध्ये खून नाही, दरोडा नाही आणि शेवटी चोरीही निघाली नाही. तरी चौतीस वर्षांच्या नोकरीतली हीच केस माझ्या सोबतीला राहिली आहे. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच असतो. खिचडी टाकायची, रेडिओ लावायचा आणि आठवत बसायचं, एवढाच माझा दिवस. नावं कोणाचीच देत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. माझं ठाणं सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळ्याच्या बाजूला होतं. मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा, साखरखेर्ड्याकडचा. जिल्हा एकच, पण तिकडची बोली कानाला सरावायला मला वर्ष लागलं. ठाणं म्हणजे कौलारू तीन खोल्या, एक हवालदार आणि सहा शिपाई. हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचा होता आणि माझ्यापेक्षा फार हुशार होता. हे मी तेव्हा मान्य केलं नसतं.

डोंगराच्या कडेला हिवताप फार. सरकारने मोहीम काढली होती आणि वर्षातून दोनदा फवारणीचं पथक गावोगाव फिरून घरांच्या भिंतींवर डीडीटी मारत असे. त्या दिवशी घरातलं सगळं सामान, कणग्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत, अंगणात काढून ठेवावं लागे. पावडर बादलीत पाण्यात कालवायची, पंपाने भिंतीवर मारायची आणि भिंतीवर गेरूने तारीख लिहून पुढच्या घरी जायचं, असं ते काम होतं. ढवळायला काठी असे, पण काठीने गुठळ्या मोडत नाहीत म्हणून माणसं कोपरापर्यंत हात घालून ढवळत. मग तेच हात धोतराला पुसून भाकरी सोडत. ते औषध डासाला मारतं, माणसाला काही करत नाही, असं त्यांचे साहेब सांगत आणि आम्ही सगळे ते खरं मानत होतो. कोठडीत ढेकूण झाले तेव्हा मीच त्यांच्याकडून पुडी मागून आणली होती आणि हातानेच कोपऱ्याकोपऱ्यात भुरभुरली होती.

एका मोठ्या शेतकऱ्याने फिर्याद दिली. फवारणी होऊन दोन दिवस झाल्यावर त्याच्या बायकोने लग्नाला जायला पेटी उघडली, तर गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी गायब. पेटी फवारणीच्या दिवशी अंगणात होती. पथकातले पाचही जण घरभर वावरले होते. त्यामुळे संशय कोणावर, हे फिर्यादीनेच लिहून दिलं. राहत्या घरातली चोरी, कलम ३८०. मी घटनास्थळी गेलो आणि ओसरीवर बसून, चहा घेता घेता पंचनामा उरकला. आत माणसांची गर्दी होती आणि भिंतींना औषधाचा वास येत होता, हे माझं कारण. मागच्या खोलीत मी गेलोच नाही. ही माझी पहिली चूक.

तिसऱ्या दिवशी खबर आली. खबर देणारा बाजारातला न्हावी. हजामत करता करता माणूस काय लपवतो हे न्हाव्याला पोलिसाआधी कळतं, म्हणून प्रत्येक फौजदार त्याला धरून असतो. तो म्हणाला, पथकातला जो औषध कालवतो, तो एवढ्या उन्हात लोकरीचा कोट घालून फिरतो. पूर्वी न्हाव्याकडून अंग रगडून घ्यायचा, आता हात लावू देत नाही. नदीवर चारचौघांत आंघोळीला येत नाही. परवा दाढी करताना वाकला तेव्हा कोटाच्या आत छातीशी काहीतरी घट्ट बांधलेलं दिसलं.

"फडकं बांधेल हाये साहेब, आन् त्याच्या आत कायतरी हाये," तो कुजबुजला. "काऊन लपवते मंग?"

मला वाटलं, केस सुटली. त्याच दुपारी पाचही जणांना ठाण्यात आणलं. चौघांची जबानी सरळ होती. सदरे काढायला सांगितल्यावर त्यांनी काढले, एकाने तर हसत धोतरही झटकून दाखवलं. त्यांना मी ओट्यावर बसवलं आणि पाचव्याला आत घेतलं.

वय तिशीच्या आसपास. उंच, खांदे पडलेले, आवाज हळू. आठ वर्षं तो पथकात होता आणि आठही वर्षं कालवण्याचं काम त्याच्याकडे होतं, कारण त्याच्या हाताला गुठळी राहत नाही असा त्याचा लौकिक होता. मोहीम नसे तेव्हा गावातले कपाशीवाले त्याला फवारायला बोलावत. लग्न झालेलं, मूल नाही, बायको दीड वर्षापासून माहेरी. का, हे विचारल्यावर त्याने कोटाचं वरचं बटण चाचपलं. घाम त्याच्या कानामागून गळ्यात उतरत होता आणि कोटाची सगळी बटणं लावलेली होती.

मी कोट काढायला सांगितला. त्याने मान हलवली. पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी कोट पुढून धरला. हवालदाराने वेताची छडी नुसती टेबलावर ठेवली. कोणी त्याला बोटही लावलं नव्हतं.

"मीनंच घेतली, साहेब," तो म्हणाला. "एकदाणी मीनंच घेतली. लिहून घ्या. अंगझडती नोका घेऊ."

नव्या फौजदाराला आरोपी आपणहून कबूल होतो यासारखा आनंद नसतो. पण पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, मुद्देमाल लागतो. माल कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला नदीत टाकला. जीप नव्हती. बैलगाडीने त्याला वान नदीवर नेलं. वैशाखातली नदी, डबक्याएवढं पाणी. त्याने एक जागा दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. शिपायांनी गुडघाभर चिखल उपसला. एकदाणी कशी होती, मणी किती होते, हे त्याला सांगता येईना. परत येताना हवालदार माझ्या शेजारी चालत होता. तो म्हणाला, "साहेब, ह्या मानसानं ती एकदाणी पाह्यली बी नाई. त्याले दुसरंच कायतरी लपवाचं हाये. मले एकल्याले बोलू द्या त्याच्याशी."

मी ऐकलं नाही. कबूल होऊनही माल देत नाही म्हणजे माल अंगावरच आहे, असं माझं गणित होतं. मी रीतसर अंगझडती ठरवली. रीतसर म्हणजे दोन पंच हवेत. समोरचा किराणा दुकानदार आणि शेजारचा पानठेलेवाला, असे दोन प्रतिष्ठित इसम बोलावले. बाजाराचा दिवस होता. ठाण्याचं दार उघडं होतं, ओट्यावर त्याचे चौघे सोबती बसले होते आणि रस्त्यावर माणसं होती. मी टेबलामागे खुर्चीवर बसून कागदावर मजकूर लिहायला घेतला आणि शिपायाला कोट काढायला सांगितलं.

त्याने शिपायाला अडवलं नाही. स्वतःच्या हाताने बटणं काढली. कोटाखाली सदरा होता, सदऱ्याखाली धोतराचं फाडलेलं रुंद फडकं छातीभोवती घट्ट आवळलेलं होतं. तेही त्याने सोडलं. आत सोनं नव्हतं. त्याची छाती बाईसारखी वाढलेली होती. फडक्याने आवळून आवळून कातडीला वळ पडले होते, काही ठिकाणी जखमा होत्या.

मग पानठेलेवाल्याने तोंडावर हात धरला आणि त्याच्या हसण्याचा आवाज बोटांमधून आला. ओट्यावरचे सोबती उठून दाराशी आले. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. हवालदाराने पुढे होऊन स्वतःच्या हाताने कोट त्याच्या खांद्यावर टाकला. मी लिहीत होतो. ते वाक्य मला पाठ आहे: अंगझडतीत आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही. पंचांनी खाली सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिर्यादीच्या घरी पुन्हा गेलो आणि या वेळी चहा नाकारला. प्रत्येक खोली पाहिली. सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर औषधाचे पांढरट ओघळ होते आणि गेरूने तारीख लिहिलेली होती. मागच्या कोठीच्या खोलीत तारीख नव्हती, ओघळही नव्हते. भिंत नव्या मातीने सारवलेली होती, बोटांचे फराटे अजून ताजे दिसत होते. कोणी सारवलं विचारलं तर सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फवारणीनंतर भिंत सारवायची नाही, नाहीतर औषधाचा उपयोग जातो, अशी सक्त ताकीद असे. पण ते पांढरे डाग आणि तो वास घरात कोणाला सोसत नसे, म्हणून पथकाची पाठ फिरली की बायका गुपचूप शेणमातीचा हात फिरवत. घरोघरी हेच चाले आणि घरोघरी नाही म्हणत. शेवटी धाकट्या जावेने कबूल केलं. उंदरांची भोकंही तिने त्याच वेळी मातीने बुजवली होती.

त्या दिवशी घरात आणखी कोण होतं, हे मी विचारलं. मालकाची आई होती. ती फवारणीच्या दुसऱ्याच सकाळी आजारी लेकीकडे गेली होती आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. शिपाई एसटीने जाऊन तिला घेऊन आला. उघड्या अंगणात पेटी ठेवायची हे तिला पटलं नव्हतं. तिने एकदाणी काढून चिंधीत गुंडाळून कोठीच्या भिंतीतल्या भोकात सरकवली होती, आणि जायच्या घाईत सांगायचं राहून गेलं होतं. खुरप्याने माती उकरली. चिंधी निघाली, चिंधीत एकदाणी निघाली. मालकीणबाई रडायला लागल्या. मालकाने मला जेवायला थांबा म्हटलं. मी सरळ ठाण्यावर आलो.

सुटका करताना मी त्याला सांगितलं की तू निर्दोष आहेस, तसा कागद वर पाठवतो. मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, असता तर मला सोपं गेलं असतं.

"चोर राहू द्याचं होतं मले, साहेब," तो म्हणाला. "चोराले लोकं इसरतात."

आठवड्याभरात त्याने गाव सोडलं. बाजारात त्याला काय नावं पडली हे मी ऐकलं, लिहिणार नाही. पानठेल्यासमोरून जाताना मला मान वर करता येत नसे. फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल पाठवून केस बंद झाली. वर्षभराने माझी बदली झाली, पुढे बढत्याही झाल्या. झडतीच्या वेळी मात्र मी खोलीबाहेर जायला लागलो. हाताखालच्यांना वाटे, साहेबाचं काळीज मऊ आहे.

निवृत्तीनंतर मला थायरॉईडचा त्रास निघाला. बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी गोळी लिहून घ्यायला जातो. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, आणि मी एकटा आहे हे माहीत असल्याने जरा वेळ बोलत बसतात. एकदा मी विचारलं, हे हार्मोन म्हणजे नक्की काय. त्या म्हणाल्या, शरीरातल्या ग्रंथी रक्तातून हुकूम पाठवतात. वाढ, थांब, पाळी, गर्भ, दाढीमिशी, सगळं त्या हुकमाने चालतं. आणि मग सहज म्हणाल्या की काही कीटकनाशकं रक्तात गेली की हुबेहूब असे खोटे हुकूम देतात किंवा खरे हुकूम अडवून धरतात. मी विचारलं, डीडीटी? त्या म्हणाल्या, ते तर पहिलं. चरबीत वर्षानुवर्षं मुरून राहतं.

पोलिसाला हे लगेच समजलं. वरिष्ठांच्या नावाने बनावट सहीचा हुकूम आला, तर ठाणं तो पाळणारच. ठाण्याचा त्यात काय दोष?

मग मी त्यांना सगळं सांगितलं, इतक्या वर्षांत प्रथमच. आठ वर्षं कोपरापर्यंत हात, छाती, मूल नाही. त्यांनी गोळीची चिठ्ठी बाजूला ठेवली. म्हणाल्या, एका माणसाबद्दल न तपासता छातीठोकपणे सांगता येत नाही, इतरही कारणं असतात. पण असं होऊ शकतं. पुरुषाचं बीज कमी होतं, बाईचे गर्भ गळतात, पोटातल्या बाळावर परिणाम होतो, आणि बहुतेकदा कोणाला पत्ता लागत नाही, कारण मरण येत नाही. पोलिसात नोंद होते ती औषध पिऊन मेलेल्याची, असं त्या म्हणाल्या. ते खरं होतं. अशा नोंदी मी स्वतः कित्येक घेतल्या होत्या.

फरारी आरोपी शोधावा तसा मी त्याला शोधला. दोन महिने लागले. हवालदार केव्हाच वारला होता, पण त्याच्या पुतण्याने धागा दिला. सोनाळ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत एका संत्र्याच्या बागेत तो राखणीला होता. एसटीने उतरून दीड कोस चाललो. दुपार होती. झाडाखाली बाजेवर एक म्हातारा बसला होता, अंगात कोट. त्याने मला ओळखलं, मी काही बोलायच्या आधी.

"या साहेब," म्हणाला आणि माठातलं पाणी दिलं.

मी त्यांना तुम्ही म्हणालो. पहिल्यांदाच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं, माझ्याच शब्दांत, हुकमाचा दाखला देऊन. तुमच्या शरीराचा दोष नव्हता, बहुतेक त्या बादलीचा होता, असं म्हणालो. ते मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या मनात इतकी वर्षं काय होतं, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. देवाने काहीतरी पाहून आपल्याला असं केलं असेल, असं त्यांना वाटत आलं होतं. मग म्हणाले, "बायकोले दोनदा राह्यलं होतं. दोनदा बी गेलं. माहे औषधाचे कपडे तीच धुवे."

ती परत आली होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बाजेवर एकच उशी होती आणि चुलीपाशी एकच ताट होतं.

पलीकडे झाडांना औषध मारायची तयारी चालली होती. बागेच्या मालकाची माणसं पिंपाशी उभी होती. एकाने बाही वर सारली, तसे हे बाजेवरून उठले आणि एवढ्या वयात केवढ्याने तरी ओरडले की हात घालू नको, काडी घे. माणसाने निमूट काडी घेतली. परत येऊन बसले आणि मला म्हणाले की कारण आज कळलं, पण या बागेत हात आपण कधीच घालू दिला नाही कोणाला.

उन्हं कलायला लागल्यावर मी निघालो. ते बागेच्या फाटकापर्यंत आले. तिथे थांबून त्यांनी विचारलं.

"साहेब, हे तवा माहीत असतं, त तुमी पंचाईले बाहीर पाठवलं असतं का?"

एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांना प्रश्न विचारले, उत्तर टाळणाऱ्याला लगेच ओळखलं. त्या दिवशी मी टाळलं. माहीत नव्हतं हो, एवढंच म्हणालो. त्यांनी मान डोलावली, कोटाचं वरचं बटण लावलं आणि बाजेकडे परत गेले.

खरं उत्तर मला एसटीत सुचलं आणि तेव्हापासून ते रोज सुचतं. त्या डॉक्टरीणबाईंना जे माहीत आहे ते मला तेव्हा माहीत असायची काही गरज नव्हती. समोरचा माणूस चोरी अंगावर घ्यायला तयार होता, पण कोट काढायला तयार नव्हता. एवढं पुरेसं होतं. मला फक्त खुर्चीवरून उठून दार लावून घ्यायचं होतं.